पेव उघडताना

कॉपी पूर्ण झाली तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. सांगलीच्या खणभागातल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप, त्याच्या पोटातून काढलेली हार्ड डिस्क, यूएसबीची केबल आणि गुरुजींच्या लेकीनं पाठवलेला नवा लॅपटॉप असं सगळं मांडलेलं होतं. जुन्याची एक बिजागरी तुटली होती, पडदा मागं कलंडू नये म्हणून त्याला पोळपाटाचा टेकू दिला होता. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी नव्या लॅपटॉपवर स्वतःच फोल्डर उघडलं, ‘आईच्या ओव्या’ नावाच्या फाईलवर दोनदा क्लिक केलं, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि गप्प झाले. पडद्यावर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं होती. मधूनच कंस, टक्क्याची खूण, अर्धविराम, पुन्हा अक्षरं. मांडणी तेवढी ओव्यांची: दोन ओळी, मग मोकळी जागा, मग पुन्हा दोन ओळी. घर तेच, पण दार उघडायला भलतंच कुणी यावं तसं.

“फाईल तीच आहे, गुरुजी.”

“फाईल असेल हो. ओव्या कुठायत?”

दोष कुठं आहे हे कळायला दोन मिनिटं पुरली, आणि दुरुस्तीला दहा. पण तो प्रश्न मात्र मनातून जाईना. कारण त्या क्षणापर्यंत सगळा हिशेब चोख जुळला होता. जुन्या डिस्कवर 41,306 फाईली, नव्या जागी 41,306. ओव्यांच्या फाईलची तर पडताळणीची संख्याही काढली होती. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची छोटी आज्ञा असते. ‘एसएचए256’ हा पर्याय दिला की ती कुठल्याही फाईलवरून 64 अक्षरांची एक ओळ काढून देते आणि फाईलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती सगळी ओळ बदलते. ती ओळ दोन्हीकडं अक्षर न् अक्षर सारखी होती. म्हणजे जे ठेवलं होतं ते तसंच्या तसं परत आलं होतं. तरीही समोरचा माणूस विचारत होता, ओव्या कुठायत.

सांगलीत राहणाऱ्याला साठवण शिकवायला नको. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या अलीकडं, हळदीची पेवं होती. जमिनीखाली खणलेली कोठी, तोंड अरुंद, पोट मोठं. हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं आणि वर्षानुवर्षं निश्चिंत राहायचं. कीड नाही, ओल नाही, वरून चालणाऱ्याला पत्ताही नाही. त्या मातीचा गुणच तसा. मग 2005 चा महापूर आला आणि पेवांत पाणी शिरलं. ज्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास ठेवला ती त्या दिवसांत उपयोगी पडली नाही. साठवण चांगलीच होती. पण सगळी एकाच गावच्या एकाच नदीच्या काठाला होती. आणि पेवाची आणखी एक गोष्ट जुनी माणसं सांगतात: ते उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं. कोंडलेली हवा जीव घेते. तोंड उघडून ठेवायचं, वारं खेळू द्यायचं, मगच माणूस आत सोडायचा. उघडण्याचीही रीत असते आणि ती भरण्याच्या रीतीइतकीच महत्त्वाची असते. लॅपटॉपच्या बाबतीत ही दुसरी रीत कुणी शिकवतच नाही.

गुरुजींचा लॅपटॉप विंडोज 7 चा. कंपनीनं त्या विंडोजला सुरक्षेची दुरुस्ती द्यायची 14 जानेवारी 2020 ला थांबवली, पण घरात तो चालत राहिला. कारण घरातल्या वस्तू कंपनीच्या तारखेनं मरत नाहीत. आता विंडोज 10 चीही तारीख उलटून गेली, 14 ऑक्टोबर 2025, आणि गावोगावचे बरे-भले लॅपटॉप कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसले. त्यातले पुष्कळसे डिस्कसकट भंगारात जातील. भंगारवाल्याला देताना आधी डिस्क काढून घ्या, हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. खालच्या झाकणाचे एक-दोन स्क्रू, मग डिस्कच्या पत्र्याच्या चौकटीचे चार. एका साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरचं काम आहे. तेवढ्यात पंधरा वर्षांचं घर वाचतं.

मात्र डिस्क काढण्याआधी ती ऐकायची. कान लावला की निरोगी डिस्कचा आवाज सलग येतो, दुरून पंखा ऐकावा तसा. मधूनच टक, थोडा थांबा, पुन्हा टक असं व्हायला लागलं की समजायचं, वाचणारी सुई जागा शोधतेय आणि तिला ती सापडत नाही. अशा वेळी माणसं हमखास तीच चूक करतात: बंद-चालू, बंद-चालू. प्रत्येक वेळी डिस्क पुन्हा फिरू लागते, सुई पुन्हा धडपडते, आणि जे उद्या वाचता आलं असतं ते आज जातं. दुसरी चूक जास्त शहाणी दिसते म्हणून जास्त घातक: चेकडिस्क हे विंडोजमधलं दुरुस्तीचं साधन चालवणं. चेकडिस्क फाईलींची मांडणी दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहिते. आजारी डिस्कवर आधी काहीही लिहायचं नाही, फक्त वाचून घ्यायचं. दुरुस्ती करायची ती कॉपीवर.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर डिस्कची नाडी दाखवतं. त्यात तीन ओळी पाहायच्या: 05, सी5 आणि सी6. 05 म्हणजे खराब झाल्यामुळं बदलून टाकलेल्या जागा. सी5 म्हणजे वाचता येईनात म्हणून टांगून ठेवलेल्या जागा. सी6 म्हणजे तपासणीत हात टेकलेल्या जागा. तिन्हींपुढं शून्य असेल तर निवांत कॉपी करा. सी5 पुढं काही आकडा दिसला तर मात्र वेळ घालवू नका. आणि आकडा वाचताना एक लक्षात असू द्या, तो मुळात सोळाच्या पायाचा असतो. गुरुजींच्या डिस्कवर 18 दिसत होतं, आपल्या हिशेबात ते 24. त्या काळच्या डिस्कवर एक जागा 512 बाइटची, म्हणजे 24 जागा मिळून अवघे 12 केबी. 320 जीबीच्या डिस्कमध्ये 12 केबी म्हणजे पोत्यात चार दाणे. पण ते चार दाणे एखाद्या फोटोच्या मधे आहेत, की सगळ्या फाईलींचे पत्ते लिहून ठेवलेल्या कोष्टकात आहेत, हे आधी कळत नाही. पत्ते गेले तर घरं असूनही सापडत नाहीत.

म्हणून तिथं फाईली ओढत बसण्याऐवजी आख्खी डिस्क जशीच्या तशी एका प्रतिमेत, म्हणजे एकाच मोठ्या फाईलमध्ये, उतरवून घेतली. यासाठी डीडीरेस्क्यू हे साधन आहे, विंडोजऐवजी चालवता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीतलं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं, जुन्या विंडोजला हातही लावायचा नाही. या साधनाची कामाची पद्धत मला फार आवडते. पूर आलेल्या घरात शहाणी बाई शिरते तसं ते शिरतं. आधी हाताला लागेल ते सगळं भराभर बाहेर. अडलेल्या कपाटाशी झटापट करत बसायचं नाही, ते कुठं आहे तेवढं लिहून ठेवायचं. सगळं सुटं सामान सुरक्षित झालं की मगच परत येऊन त्या अडलेल्या जागांपाशी थांबायचं, पुढून बघायचं, मागून बघायचं. कुठं काय अडलं याची नोंद ते एका मॅप फाईलमध्ये ठेवतं. त्यामुळं रात्री वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून तासभर थांबवली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. मॅप फाईलचं नाव न देता चालवलं तर ही सगळी सोय वाया जाते. आणि घ्यायची डिस्क कुठली, द्यायची कुठली, हे मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर बघून ठरवायचं, नुसत्या आकारावरून नाही. दिशा उलटी झाली तर हे साधन तितक्याच इमानानं कोऱ्या डिस्कचा कोरेपणा भरल्या डिस्कवर उतरवतं.

दोन रात्री लागल्या. शेवटी चार जागा आल्याच नाहीत, म्हणजे 2 केबी. त्या निघाल्या एका लग्नाच्या चित्रफितीत. अक्षता पडताना क्षणभर पडदा हिरवा होतो आणि पुन्हा सगळं जागेवर येतं. ओव्यांच्या फाईलला धक्काही लागला नव्हता.

डिस्क धडधाकट असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. यूएसबीला जोडायची केबल पुरते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या पाच व्होल्टवर फिरते, तिला वेगळा चार्जर नको. पण काही जुन्या डिस्क सुरुवातीला जास्त करंट मागतात. दिवा लागतो, फिरायचा प्रयत्न होतो, पुन्हा बंद. हे डिस्क मेल्याचं लक्षण समजू नका. दोन तोंडांची केबल किंवा आतून निळं असलेलं यूएसबी 3 चं पोर्ट वापरून बघा. वेगाचं म्हणाल तर यूएसबी 2 वरून सेकंदाला तीसेक एमबी मिळतात, भरलेली 300 जीबीची डिस्क उतरवायला अडीच-तीन तास. पण हे मोठ्या फाईलींचं गणित. हजारो चिमुकल्या फाईली असल्या की वेग गोगलगाईवर येतो, कारण प्रत्येक फाईलीमागं नाव, तारीख, पत्ता लिहायचा असतो. त्या वेळी ‘अडकलंय’ म्हणून केबल उपटायची नाही. लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग आधीच करायची, झाकण मिटलं तरी काही होऊ नये अशीही. आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावापुरती उरलेली असते, तेव्हा इन्व्हर्टरच्या सॉकेटवर काम करायचं.

कॉपी करताना विंडोजची ओढून टाकायची पद्धत एका वाईट फाईलपाशी अडते आणि पूर्ण रांग खोळंबते. रोबोकॉपी ही आज्ञा त्याहून बरी, तीही विंडोजमध्येच असते. फक्त तिच्या मूळ सेटिंगमध्ये एक गंमतच आहे: न वाचता आलेली फाईल ती दहा लाख वेळा पुन्हा वाचून बघते आणि प्रत्येक वेळेआधी 30 सेकंद थांबते. हिशेब केला तर जवळजवळ एक वर्ष होतं. म्हणून पुन्हा प्रयत्न एक आणि थांबणं एक सेकंद, असं सांगून ठेवायचं, आणि काय सुटलं त्याची नोंद फाईलमध्ये लिहायला लावायचं. तिच्यातला ‘मिरर’ हा पर्याय नवख्यानं वापरू नये. तो दोन्ही बाजू सारख्या करतो, म्हणजे इकडं नसलेलं तिकडचंही पुसतो. आणखी एक नेहमीचं रडगाणं: नव्या पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही मोठी फाईल ‘बसत नाही’ म्हणते. तो पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा असतो आणि तिथं एक फाईल 4 जीबीच्या आतलीच लागते. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की प्रश्न मिटतो. बाजारात स्वस्तात मिळणारे अवाढव्य क्षमतेचे पेन ड्राइव्ह तर काही वेळा खोटेच असतात. वर 512 जीबी लिहिलेलं, आत 16. भरल्यासारखं दाखवतात आणि मागचं पुसत जातात. एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या साधनानं एकदा काठोकाठ भरून, परत वाचून बघितल्याशिवाय त्यावर घरचे फोटो ठेवू नयेत.

खरी दमछाक होते ती काय घ्यायचं हे ठरवताना. माणसं म्हणतात, “डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतलं की झालं.” झालं नसतं. विंडोज माणसाचं बरंचसं आयुष्य ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात ठेवतं. फोल्डरांच्या सेटिंगमध्ये जाऊन लपलेलं दाखव असं सांगितलं तरच ते दिसतं. विंडोज 7 मधल्या त्या पिवळ्या चिठ्ठ्या, ज्यांवर गॅसचा नंबर, पेन्शनच्या खात्याची आठवण, डॉक्टरांची वेळ लिहिलेली असते, त्या सगळ्या मिळून त्या फोल्डरातल्या एकाच फाईलमध्ये असतात आणि हटकून मागं राहतात. आउटलुकची टपाल पीएसटी फाईलमध्ये असते. व्यापाऱ्याच्या लॅपटॉपवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असतं आणि त्याचा डेटा वापरणाऱ्याच्या फोल्डरात नसून बहुधा पब्लिक फोल्डरात किंवा सरळ दुसऱ्या ड्राइव्हवर असतो. टॅली ईआरपी 9 चा बॅकअप नेहमी एकाच नावाची फाईल करतो, म्हणून त्याच फोल्डरात पुन्हा घेतला की कालचा जातो आणि आजचा बसतो. आजचा बिघडलेला असेल तर कालचाही गेला. तारखेच्या नावाचं फोल्डर करून त्यात बॅकअप घ्यायची सवय हळदीच्या पेठेतल्या कित्येक मुनिमांना आहे, आणि ती फार मोलाची सवय आहे. आणलेलं परत बसवतानाही चालू कंपनीच्या फोल्डरावर न बसवता रिकाम्या फोल्डरात बसवायचं, उघडायचं, शेवटच्या दिवसाची रोजकीर्द जुळवायची, मगच पुढं.

दुसऱ्याच्या फोल्डरात असं शिरताना संकोच वाटतो. नावं वाचावीच लागतात. ‘बाबांचे रिपोर्ट’, ‘नवीन फोल्डर 7’, ‘नको ते’. कुणीतरी एका रात्री रागानं किंवा दुःखानं ‘नको ते’ असं नाव दिलं, पण डिलीट केलं नाही. तेही घ्यायचं. न उघडता घ्यायचं.

मग येते ती नेहमीची समजूत, “आमचं सगळं क्लाउडवर असतं.” गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह लॅपटॉपशी जुळवून ठेवलेलं असतं, पण जुळवणं म्हणजे जपणं नव्हे. इथं चुकून पुसलं की तिथंही पुसलं जातं, आणि गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ते 30 दिवस राहतं. तेवढ्यात लक्षात आलं तर नशीब. फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकांच्या तोंडी बसवलेला 3-2-1 चा नियम आजही सगळ्यात सरळ आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. सांगलीत या ‘घराबाहेर’चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. लॅपटॉप टेबलावरून कपाटावर, कपाटावरून माळ्यावर गेले, आणि त्यांच्या शेजारीच त्यांचे बॅकअपही गेले, एकाच पिशवीत. प्रत शेजारच्या गल्लीत ठेवली तर ती घरातच ठेवल्यासारखी आहे. तासगावला, विट्याला, पुण्याला, कुठंही चालेल, फक्त पाणी दोन्हीकडं एकाच वेळी येऊ नये.

पुरात भिजलेल्या डिस्कबद्दल इथं सांगायलाच हवं, कारण जीव तोडून केलेल्या उपायांनीच त्या मेल्या आहेत. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. केस वाळवायच्या यंत्राचा गरम वारा लावू नका. आणि ‘चालतंय का बघू’ म्हणून जोडू तर नकाच. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, तिथून गढूळ पाणी आत जातं. पाणी वाळलं की गाळाचे कण तबकडीवर घट्ट बसतात आणि सुई त्यांवर घासते. म्हणून ती वाळू द्यायची नाही. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून, धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणाऱ्या प्रयोगशाळेकडं पाठवायची. खर्च जबर येतो. तेव्हा त्यात काय आहे हे आधी शांतपणे ठरवायचं आणि त्यासाठी एवढे पैसे घालायचे का, हे घरातल्यांनी बसून बोलायचं. काही घरांनी नको म्हटलं आणि ती डिस्क तशीच देवघराच्या फडताळात ठेवली. तेही समजण्यासारखं आहे.

तर ओव्या.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, घरोघर पोचायच्या आधी मराठी टाइप करायची ती वेगवेगळ्या फॉन्टांत: श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, आयएसएम नावाच्या सॉफ्टवेअरमधले योगेश आणि सुरेख. त्या फाईलमध्ये मराठी अक्षर नसतंच. असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्या इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढतो. फॉन्ट आहे तोवर चित्र आहे. फॉन्ट नाही तर मागचं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. गुरुजींनी 2010 मध्ये, एका नातेवाइकानं बसवून दिलेल्या फॉन्टात, दोन बोटांनी त्या ओव्या टाइप केल्या होत्या. फाईल डॉक्युमेंट्समध्ये होती, फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात. आपण डॉक्युमेंट्स घेतो, विंडोज घेत नाही. ते तर नवं येणारच असतं. अशा फाईलीत कर्सर ठेवून वर्डच्या वरच्या पट्टीत फॉन्टच्या नावाचा रकाना बघायचा. फॉन्ट संगणकात नसला तरी तिथं त्याचं नाव दिसतं. नाव मिळालं, जुन्या डिस्कच्या प्रतिमेतून त्या फॉन्टची टीटीएफ फाईल काढली, तिच्यावर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल केली, वर्ड बंद करून पुन्हा उघडलं.

पडद्यावर मराठी उमटली. गुरुजी वाचायला लागले. आधी मनात, मग पुटपुटत, मग तिसऱ्या ओवीला त्यांच्या आवाजात जात्याचा हेल आला. वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आतून पदराला हात पुसत आल्या आणि मागं उभ्या राहिल्या. एका ओवीत माहेरच्या वाटेचं काही होतं, ‘कऱ्हाड’ असा शब्द होता. वहिनी म्हणाल्या, “आत्या कऱ्हाड म्हणायच्याच नाहीत. कराड म्हणायच्या. तुम्ही शाळेतलं घातलंय.” गुरुजींनी मान वळवली, काही बोलणार होते, बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, “म्हणायची खरी.”

64 अक्षरांची ती ओळ ही चूक पकडू शकत नव्हती. चूक 2010 पासूनच आत होती.

फॉन्ट बसवणं ही रात्रीपुरती सोय. कायमचं काम म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये नेणं. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा रूपांतर करणारा मिळतो, पण नेमका त्याच फॉन्टचा लागतो. शिवाजीचा श्रीलिपीला चालत नाही. आणि रूपांतर झालं म्हणून डोळे मिटून घ्यायचे नाहीत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर लागते. रफाराचं उलटं: तेव्हा अक्षर झाल्यावर वर काढायचा, आता आधी ‘र्’ आणि मग अक्षर. रूपांतर करणारा जिथं चुकतो तिथं ‘दिवस’चा ‘िदवस’ होतो आणि ‘सूर्य’चा ‘सूयर्’. ‘वाऱ्यानं’चं ‘वार्यानं’ होतं. या चुका ठरावीक असतात, म्हणून शोधून बदलता येतात, पण शेवटी एकदा माणसानं पहिल्या ओळीपासून वाचावंच लागतं. त्याआधी मूळ फॉन्टात असतानाच पीडीएफ करून ठेवायची, फॉन्ट आत घालण्याचा पर्याय निवडून. म्हणजे रूपांतरात शंका आली की मूळ पान कसं दिसत होतं ते कुठल्याही लॅपटॉपवर बघता येतं.

पुढचा आठवडाभर गुरुजी सकाळी पूजा झाली की बसत आणि एकेक ओवी तपासत. 140 ओव्या. वहिनी भाजी निवडत शेजारी असत. रोज दोन-चार शब्द असे निघत की जे फॉन्टनं बिघडवले नव्हते, गुरुजींच्या शुद्धलेखनानं सुधारले होते. ‘कराड’ परत आलं. काही शब्दांवर दोघांचं एकमत झालं नाही, तिथं दोन्ही ठेवले. शेवटी वहिनींनी फोनवर अकरा ओव्या म्हणून रेकॉर्ड केल्या, आठवल्या तेवढ्या, दळणाशिवाय म्हणताना चाल सुटते अशी तक्रार करत. त्या फाईलीही फोल्डरात गेल्या.

आता तीन प्रती आहेत. एक नव्या लॅपटॉपमध्ये. एक पुण्याला लेकीकडं, जुन्या लॅपटॉपमधून न काढता वेगळ्या घेतलेल्या हार्ड डिस्कवर. एक पेन ड्राइव्हवर, स्टीलच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसकट, तासगावला पुतण्याच्या घरी. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं वीज न लागता पडून राहिला तर त्यातला भार हळूहळू गळतो आणि मजकूर जाऊ शकतो, म्हणून तो अधूनमधून जोडून, उघडून बघायचा असं ठरलंय. डबीवर गुरुजींनी त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात कागद चिकटवलाय. वर ‘आईच्या ओव्या, 140’. त्याखाली ‘फॉन्ट आत आहे’. त्याखाली ‘उघडून वाचले’, आणि पुढं तारखेसाठी आखलेल्या पाच रेघा. पहिल्या रेघेवर पुतण्याच्या हातची तारीख आहे.